हळदीकुंकवाची यादी
गुलाबपाण्याचा वास आला की मला बडोद्यातल्या समा भागातला आमच्या सोसायटीचा हॉल आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी ठेवली होती. कर्करोग होण्याच्या कितीतरी आधी त्याला कारण होणारा विषाणू शोधणारी ती नवी चाचणी होती. नावे नोंदवण्याचे काम महिला मंडळाच्या चिटणीसबाईंकडे होते. त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी जशीच्या तशी उतरवून काढली, आणि आमच्या शेजारच्या विधवा काकूंना दारातच अडवले. "यांचं नाव कसं नाही?" मी विचारले. "अहो बाई, काकांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांना आता कशाला हवी ही तपासणी?" चिटणीसबाई हसून म्हणाल्या. "असू दे गं, जाते मी," काकू चपला शोधत पुटपुटल्या. जीव वाचवणाऱ्या तपासणीलाही कपाळावर कुंकू लागते, हे पाहून माझा संताप अनावर झाला. तेवढ्यात पडद्यामागून गुजराती डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अरे बेन, आ शुं? शरीरसंबंधातून आलेला हा व्हायरस नवरा गेल्यावरही वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसतो. त्यांना आधी आत पाठवा!" मी काकूंचा हात धरून त्यांना आत नेले. अहवालात विषाणू सापडला, पुढच्या तपासणीत कर्करोगाआधीचे बदल दिसले, आणि वेळीच उपचार होऊन त्या बऱ्या झाल्या. परवा यंदाच्या हळदीकुंकवाची यादी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली. काकूंचे नाव तिच्यात अजूनही नव्हते. मी ते लाल शाईने सर्वांत वर लिहिले आणि यादी परत पाठवली.