नाल्यावरचा नवा रपटा

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि मोटारसायकल मुकुटबनच्या वाटेला लावली. थंडीचे दिवस. दोन्ही अंगांना तुरी शेंगांनी वाकलेल्या, अधूनमधून वेचणीतून राहिलेला कापूस. मुकुटबनच्या अलीकडे क्लचची तार तुटली. गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत पोहोचलो. रशीदभाई नावाचे साठीचे मिस्त्री तार बदलू लागले, तेव्हा सहज विचारलं, "इथं पाहण्यासारखं काय आहे?"

"रपटा पाहून घ्या."

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. मला हसू आलं.

"हसू नका साहेब. लय लढाई झाली त्याच्यापायी."

त्यांनी सांगितलं ते असं. नाल्याच्या दोन काठांवर दोन वाड्या, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. पाणी अडवण्यावरून त्यांच्यात जुंपली. काठ्या चालल्या, एका तरुणाचा डोळा गेला, शेवटी वरच्या वाडीनं यंत्र लावून रपटाच फोडला. पोलीस येऊन जात, भांडण तिथंच. मग सोयाबीन कापणीला आलं, तेव्हा मुकुटबनचे मिस्त्री, मळणीयंत्रवाले आणि धान्याचे व्यापारी एकत्र आले. त्यांनी ठरवलं, दोन्ही वाड्या एका सतरंजीवर बसेपर्यंत त्यांची पाण्याची मोटार दुरुस्त होणार नाही, मळणी होणार नाही, माल घेतला जाणार नाही.

"दवाखाना अन् पिठाची चक्की चालू ठेवली. लेकरं कायले उपाशी मारायची? अन् सांगून ठेवलं, ज्या दिवशी बसान, त्या दिवशी नव्या रपट्याचं सिमेंट-लोखंड आमचं."

"तुमचंही नुकसान झालं असेल."

"झालं ना! ऐन सीझनमंधी हात बांधून बसलो. घरची म्हने, काहून दुसऱ्याच्या भांडणात पडून राह्यले तुमी?"

दुपारी त्या नव्या रपट्यावर जाऊन उभा राहिलो. दिसायला साधाच, कठडाही नाही. दोन्ही वाड्यांकडून समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या. एक थांबली, दुसरी पुढे गेली. जाताना दोन्ही गाडीवानांनी माना हलवल्या. एवढंच घडलं. पण देवळात उभं राहावं तसा मी बराच वेळ तिथं उभा होतो.

वरच्या वाडीत कमलाबाई नावाच्या एका शेतकरी बाईंनी आग्रहानं जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) झणझणीत भाजी. डोळा गेलेला तरुण त्यांचाच मुलगा, हे वाढता वाढता त्यांनीच सांगितलं. "त्या बंदीनं भलं झालं का?" मी विचारलं.

"मले इचारता? मी कोनाले काठी मारली नोती. माह्या सोयाबीनच्या शेंगा वावरातच तडकल्या, दाने मातीत गेले. रशीदभाईले लय शिव्या देल्या मी." मग भाकर मोडत म्हणाल्या, "सतरंजी टाकली तं सारे मानसं उभेच. मंग मीच पयली जाऊन बसली. म्हनलं, आता दुसरा डोळा जाऊ द्याचा का? तवा खालच्या वाडीचा देवराव समोर येऊन बसला. त्याच्याच काठीनं पोराचा डोळा गेलता."

"त्याला माफ केलंत?"

"नाही. अजून बोलत नाही मी त्याच्यासंगं. पन पानी जाऊ देतो त्याच्या वावरात."

त्यांच्या बांधावरून पाहिलं तर खरंच पाणी खाली चाललं होतं, आणि पलीकडे देवरावचा हरभरा हिरवागार उभा होता.

घरी परतलो तेव्हा टीव्हीवर दूरच्या एका युद्धाची चर्चा सुरू होती. निर्बंध घालावेत का, उद्ध्वस्त शहरं उभारायला निधी कोणी द्यावा. एरवी मी चॅनेल बदलतो. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. सगळे सरकारांबद्दल बोलत होते. ज्यांनी कुणाला मारलं नाही, तरी ज्यांचं पीक मातीत गेलं, आणि तरीही कमलाबाईंसारख्या ज्या सगळ्यांत आधी पुढे येऊन बसतील, त्यांच्याबद्दल कोणी काही विचारतं का, याची मी वाट पाहत राहिलो.