दोन चाकांपुरती जागा

"ही गाडी आहे होय? अहो, ही गाडी आहे?" घरमालक गॅलरीतून असा ओरडत होता की तिकडे मोंढ्यात हमालांच्या पाठीवरची पोती घसरली असतील. खाली टेम्पोतून सागवानी बैलगाडी उतरत होती. तिच्या जुवावर हात ठेवून आमचे साडू शांतपणे म्हणाले, "मंग काय विमान हाय? दोन चाकं सांगितले होते. मोजून घ्या."

टेंभुर्णीच्या या माणसाइतका खरं बोलून फसवणारा इसम ब्रह्मदेवाने दुसरा घडवलेला नाही. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, डॉक्टरांनी जालन्यात दवाखान्याजवळ राहायला सांगितलं आणि भाड्याचं घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साडूंनी एकाही घराचं स्वयंपाकघर बघितलं नाही. नळाला पाणी येतं का, हेही विचारलं नाही. आणि हे जालन्यात, जिथे लोक पोरगी देतानासुद्धा नवऱ्याआधी नळ बघतात! साडू थेट पार्किंगमध्ये जाऊन उकिडवे बसायचे, बोट ओलं करून वारा बघायचे. "पावसाची झड कोनीकडून येती? दुपारचं ऊन इथवर येतं का?" एका एजंटाला त्यांनी इतकं पिडलं की तो धंदा सोडून मंठ्याला सासुरवाडीत जाऊन राहिला, झोपेत अजून "पश्चिमेकडून, पश्चिमेकडून" म्हणून ओरडतो म्हणे. मला वाटलं, म्हातारपणी नवी मोटारसायकल घेतली असेल, असते एकेकाला हौस. या घरमालकाने तर खोदून विचारलं होतं, "चारचाकी नाही ना?"

"न्हाई बा. दोनच."

"मग लावा की बिनधास्त!"

बैल साडूंच्या पोराने केव्हाच विकले होते. मग ही गाडी कशाला, असं मी टेम्पोच्या आडोशाला विचारलं.

"गावात ठिवली तं भाऊबंद चुलीत घालतीन," साडू म्हणाले. "अन् तुमची अक्का घर सोडायलाच तयार न्हवती. म्हने, गाडी संगं आली तं समजंल का वापस जायचंय. न्हाई तं तुम्ही मला मरायलाच नेऊन राह्यले."

मी वर जाऊन हे घरमालकाला सांगितलं. माणूस शिकलेला, सभ्य. ऐकून इतका द्रवला की म्हणाला, "असं करा, एक चाक ठेवा. गेटवर टांगू, छान दिसेल. बाकीचं संध्याकाळच्या आत हलवा; नाहीतर बिऱ्हाडही हलवा."

अक्का मागच्या खोलीत सलाइनने सुजलेला हात उशीवर ठेवून पडली होती. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी. दुसरं घर कुठलं मिळणार? माझ्या सोसायटीत तर सायकल लावायलासुद्धा चिठ्ठ्या टाकतात. साडूंनी चाक काही दिलं नाही. गाडी अख्खीच्या अख्खी भोकरदन रोडवरच्या एका ढाब्यावर, लिंबाच्या झाडाखाली नेऊन सोडली. ढाबेवाल्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घालून पाहिली आणि खूष होऊन म्हणाला, "बढिया! गुलाबी कलर मारू. जेवल्यावर लोक वर बसून फोटो काढतीन."

साडूंची बडबड मी आयुष्यभर ऐकत आलो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी फक्त वाऱ्याची दिशा बघितली, आणि तीही बोट ओलं न करता.

आम्ही घरात शिरलो. अक्काने डोळे न उघडताच विचारलं, "गाडी नीट लागली का हो?"

साडूंनी चपला भिंतीशी सरळ लावल्या.

"सावलीत हाय."