छपरावर फेकलेला दात

आधीच सांगून ठेवते, भुतंखेतं, करणी, नजर... यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. भाईंदरला गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसते मी. दिवसभर लोक समोर उभे राहून शपथेवर खोटं बोलतात – "मॅडम, पंधरा दिवस झाले बुक करून!" जिवंत माणसांवर माझा पटकन विश्वास बसत नाही, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्या स्वतःच्या लेकीच्या तोंडात झालं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. सायली तेव्हा नऊ वर्षांची होती. आमच्या मिस्टरांच्या स्टीलच्या कारखान्यात फ्रान्सिस म्हणून आहेत, ते डोंगरीला राहतात, उत्तनच्या बाजूला. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं होतं. बैठं कौलारू घर, अंगणात चिंच, चिंचेला फळीचा झोपाळा. मेरीवहिनी, म्हणजे फ्रान्सिसची बायको, मासे साफ करत होती, मी लसूण सोलत होते... आणि बाहेरून सायलीची किंकाळी आली.

झोपाळ्यावरून उडी मारून पोरगी मागे वळली, तेवढ्यात रिकामी फळी परत येऊन थेट तोंडावर बसली. ओठ फाटलेला, फ्रॉकवर रक्तच रक्त. आणि वरचा पुढचा दात – अख्खा, मुळासकट – मातीत पडलेला.

आता मी काय करावं? तो दात उचलला आणि दिला कौलांवर फेकून! लहानपणी लांज्याला आई फेकायला लावायची ना, तस्साच. "रडू नको गं, उंदीरमामाला दिला. तो तुला मस्त नवीन दात देईल." मनात म्हटलंसुद्धा, चांगला दे रे बाबा. काही न मानणारी बाई मी, पण हात आपोआप वर गेला. नऊ वर्षांच्या मुलीचा पुढचा दात दुधाचा नसतो, दुधाचा पडून हा पक्का आलेला असतो, एवढं आईला कळू नये? दोन वर्षांपूर्वी तो दुधाचा मीच आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर फेकला होता. नाही आठवलं. रक्त बघून माझं डोकंच बंद पडलं होतं.

मेरीवहिनीने बर्फ फडक्यात बांधून आणला. "घाबरू नको, बर्फ लाव. पण टाकं पडतील गो, आन हितं रविवारी डॉक्टर न्हाय."

मिस्टरांनी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी. बसला वेळ होता, म्हणून फ्रान्सिस नाक्यावरून रिक्षा घेऊन आले. निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आमच्या दातांच्या डॉक्टर हेतल भाईंदर वेस्टला. त्यांना मोबाइल लावला, तर रेंजची बोंब. एकही कॉल लागला नाही, हे लक्षात ठेवा. "दवाखान्याच्या वरच राहतात त्या, बेल मारू," मिस्टर म्हणाले. रस्ताभर मी त्यांच्यावरच आग पाखडत होते. तुमचा दोस्त, तुमचा झोपाळा, तुमची हौस! बिचारे मांडीवर पोरीचं डोकं धरून बसले होते. खरं सांगू, मला रडायचं होतं. बरी होऊन पोरगी हसेल तेव्हा कशी दिसेल, हेच डोक्यात चाललं होतं.

दवाखान्यापाशी पोचलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. बघते तर रविवार असून शटर अर्धं वर. आणि दारात डॉ. हेतल, भरजरी साडी, गळ्यात हार, हातभर बांगड्या.

"कितना टाइम लगा दिया! चला, आणा तिला आत."

म्हणजे बाई आमची वाट बघत होत्या!

आत खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये एक करवंटी ठेवलेली. साधी, नारळाची. तिच्यात दूध आणि दुधात दात.

डॉक्टरांनी बांगड्या एकेक करून काढल्या, पदर खोचला आणि हात धुता धुता म्हणाल्या, "दात दुधात घालून पाठवलात, एक नंबर काम केलंत. इतने सालों में पहली माँ देखी. लोग रुमाल में बाँध के लाते हैं, घिस घिस के धोते हैं, नहीं तो सीधा फेंक देते हैं. तुम्ही वाचवला हा दात."

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. त्यांनी बघितलं होतं ना मला फेकताना!

"दुसऱ्या कोणाचा असेल," मी कसंबसं म्हटलं. डॉक्टरांनी दात चिमट्यात धरून उजेडात दाखवला. खालच्या कडेला बारीकसा टवका उडालेला. शाळेतल्या बाटलीचं झाकण दातांनी उघडताना उडवून घेतला होता बाईसाहेबांनी, त्यावरून माझे धपाटेही खाल्ले होते. सायलीचाच दात. शंकाच नको.

पुढचा पाऊण तास त्या बाईंनी जे काम केलं, त्याला तोड नाही. इंजेक्शन देताना गोष्ट काय सांगत होत्या, "बेटा, तेरा दाँत घूमने गया था, अब घर आया है" काय म्हणत होत्या. दात मुळाला न शिवता, हळूच, जिथला तिथे बसवला. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. ओठाला तीन टाके घातले. साडीवर रक्ताचा थेंब पडला, तर बघितलंसुद्धा नाही. मग स्पष्ट सांगितलं, "धरेलच अशी गॅरंटी नाही देत मी. उद्या रूट कॅनल पण लागेल. पण एक तासाच्या आत बसलाय, म्हणून चान्स आहे. सुका पडून राहिला असता तर मी पण काही नसती करू शकली."

आणि मग हात पुसता पुसता विचारलं, "आजी नाही आल्या तुमच्याबरोबर?"

"कोण आजी?"

"दात आणला त्या. सासूबाई ना तुमच्या?"

माझ्या सासूबाई तेव्हा गावी होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. बोरिवलीला त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता. घरचे गाडीत बसलेले, या शेवटी कुलूप लावून उतरत होत्या. तर जिन्यापाशी एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, अनवाणी, पाय मातीने भरलेले. करवंटी पुढे करून म्हणाली, "पोर येतेय. पुढचा दात हाय. थांब तू." डॉक्टरांनी घरच्यांना पुढे पाठवलं आणि शटर उघडलं. आजी आत येऊन बसायलाही तयार नव्हत्या. हसल्या तेव्हा डॉक्टरांना दिसलं, तोंडात एकही दात नाही. "मी बोलले, आजी, कवळी करून देते ना, या कधीतरी. तर म्हणतात, मला कशाला आता? पोरीला होऊ दे."

दात कधी आला ती वेळ केसपेपरवर लिहिलेली होती, दाताला ते महत्त्वाचं असतं म्हणे. सव्वाअकरा. आम्ही तेव्हा डोंगरी सोडून जेमतेम निघालेलो. दात तर वीस मिनिटांपूर्वी मी कौलांवर फेकला होता!

डॉक्टर कौतुक करत होत्या आणि मी मान हलवत होते. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

पुढच्या रविवारी डोंगरीला गेलो. फ्रान्सिस शिडी लावून छपरावर चढले, कौलं उचलून बघितली. दात नव्हता. मेरीवहिनीने शेजारीपाजारी विचारलं. "अशी म्हातारी हितं कोनच न्हाय, बाय. हिरव्या लुगड्याची तर न्हायच." मिस्टर म्हणाले, कोणीतरी दात घरंगळताना बघितला असेल, मोटरसायकलवरून आणून दिला असेल. ठीक आहे. पण कोणत्या डॉक्टरकडे जातोय ते त्या माणसाला कोणी सांगितलं? आम्ही तर ते रिक्षात बसताना ठरवलं होतं!

डॉ. हेतलनी दवाखान्यात हाताने लिहून बोर्ड लावला – पक्का दात पडला तर फेकू नका, मुळाला हात लावू नका, दुधात घालून लगेच आणा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "एका आईने केलं असं." मी तिथेच खुर्चीत बसलेली असायचे, कान लाल व्हायचे. रूट कॅनल झालं, दोन वर्षांनी एक्सरे काढला, दाताने घट्ट पकड घेतली होती. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. मी फेकला होता, डॉक्टर. मीच.

त्यांनी एक्सरे पाकिटात घातला. मग म्हणाल्या, "करवंटी मैंने रखी है. फेकली नाही जात." आणि पाकीट माझ्या हातात देत, "बोर्ड राहू दे हाँ. मागच्याच महिन्यात एक मुलगा आला, आईने दुधात आणला होता दात. वो भी बच गया."

मी त्या दवाखान्यात रडले, काउंटरवर भांडणारी बाई मी!

सायली आता कॉलेजात जाते. परवा त्याच दाताने कैरी तोडत होती. मी "जपून गं" म्हणायला गेले आणि मिठाची वाटी पुढे सरकवली.

उलगडा मला आजही झालेला नाही. त्या डोंगरीच्या दुसऱ्या फेरीला जाताना मी भाईंदरच्या बाजारातून एक हिरवं लुगडं घेतलं होतं, आजी भेटल्या तर द्यावं म्हणून. ते अजून माझ्या कपाटात घडी न मोडता पडलंय. दर दिवाळीला साफसफाई करताना बाहेर काढते, ऊन दाखवते आणि परत ठेवते. त्या आल्या तर घरात असायला हवं.