बाहेरचं हाय

त्या काळी मी शुक्रवार पेठेत अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचो, म्हणून सरळच सांगतो. शेजारच्या सुनेला देवऋष्याच्या छडीखाली घालायला निघाले होते, ते एका शब्दावरून.

त्यांचा रेडिओ संध्याकाळी श्वास घ्यायला लागला होता. बातम्या चालू असताना निवेदकाचा आवाज बुडायचा आणि आत काहीतरी लहानसं, नाक चोंदल्यासारखं घुरघुरायचं. मग हुंदका. मी स्वतः ऐकलं. सुनेचं तान्हं उन्हाळ्यात गेलेलं. ती भाकरी तव्यावर सोडून रेडिओला कान लावून बसायची.

दुरुस्तीवाल्यानं रेडिओ उघडला, पाहिला. "यात कायबी बिघाड न्हाय. बाहेरचं हाय," म्हणाला आणि गेला. खरखर बाहेरून येते, एवढंच त्याला म्हणायचं होतं. सासूला ऐकू आलं ते भूत, आणि ते सुनेला लागलंय असं तिनं ठरवलं.

"काकू, बाहेरचं म्हणजे तसलं नव्हे."

"मग कसलं? तू पत्रकं वाट की. अमावस्येला नेणार म्हंजे नेणार."

बाळ गेलेल्या बाईला मारून भूत काढणार! संतापून मी, हा आवाज येतो कुठून, म्हणून गल्लीतलं घर न् घर विचारत सुटलो. पलीकडच्या घरचा मुलगा कुवेतहून बायको-बाळासह आलेला. पाळण्यापाशी एक डबी, स्वयंपाकघरात दुसरी, दोन्ही विजेवर लावलेल्या. बाळ कुरकुरलं की आईला तिकडं ऐकू जायचं. आणि विजेच्या तारांवरून आमच्या शेजाऱ्यांच्या रेडिओलाही.

मी पाळण्यापाशीच्या डबीवर वाकलो. "काकू, मी बोलतोय. सुनेला कुठं नेऊ नका."

धावत परत आलो तर सासू रेडिओपासून लांब, भिंतीला टेकून उभी.

"ऐकलंत? कुवेतचं यंत्र आहे ते."

"म्हंजे बाहेरचंच की," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"आत्ता जाऊन बंद करायला लावतो."

"भावजी," सून म्हणाली, "बंद नका करायला लावू."

"वहिनी, ते त्यांचं बाळ आहे."

"ठाव हाय की मला."

तिनं आवाज वाढवला. आत बाळ घुरघुरलं. तिचा हात रेडिओच्या लाकडी पेटीवर गेला आणि हळूहळू थोपटू लागला. घुरघुर मंदावली.

सासूनं माझ्याकडं पाहिलं. "आता सांग. न्यायचं का नको?"

"नाही न्यायचं," मी म्हणालो. अमावस्या उलटेपर्यंत रोज त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसलो. कुणी तिला नेलं नाही. आत थोपटणं चालू होतं.