सूर्य-चंद्राच्या खाली

आमच्या घराण्याला राजचिन्ह आहे, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे अण्णांनी, मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते छापायचं ठरवलं तेव्हा. होन्नावरच्या अलीकडे समुद्रकाठी एक मनोरा आहे, त्यात पूर्वजांचा दगड बसवलेला आहे, वर सूर्य-चंद्र कोरलेले आहेत. घरातला फोटो तेवढ्याच भागाचा. छापखानेवाल्यानं पूर्ण दगडाचा ठसा मागितला. अण्णांचे गुडघे दुखत होते, आमच्या ह्यांना रजा नव्हती. राहता राहिले मी.

"काही सोडू नकोस, सुमती," अण्णांनी बंगळूर स्टेशनवर बजावलं. "व्याही मंडळींना कळू दे कुणाशी सोयरीक होतेय."

शिमोग्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. तो मुलूख नुकताच म्हैसूर राज्यात आला होता, रस्त्याला मात्र कुणी कळवलं नसावं. घाटात मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, तीनदा उत्तर आलं, "स्वल्प दूर" (थोडंच लांब). दोन तासांनी माझ्या लक्षात आलं, की स्वल्प हे अंतर नसून स्वभाव आहे.

मनोरा पाहून मात्र मी थक्क झाले. कुण्या मिठाच्या व्यापाऱ्यानं पडक्या किल्ल्याचे चिरे, देवळाचे खांब आणि चर्चच्या खिडक्या गोळा करून तो उभा केला होता. खांब आडवे, एक खिडकी उलटी, आणि भिंतीतून बाहेर आलेला हत्ती फक्त मागून दिसणारा. पुढचा भाग आत कुणाच्या खोलीत होता, देव जाणे.

खाली राखण करणारी अक्का राहत होती. तिनं आधी कोकमाचं सार आणि भात वाढला, मग दगड दाखवला. वर सूर्य-चंद्र, मध्ये झिजलेल्या ओळी, आणि खालच्या निम्म्या भागावर गोणपाट बांधलेलं.

"हे काढा की, अक्का."

"वयर पळे, सकल नाका" (वर बघ, खाली नको), ती कोकणीत म्हणाली. "बायकामाणसांनी बघायचं नाही."

"मग तुम्ही कसं पाहिलं?"

"मी रोज झाडते."

मी गोणपाट सोडलं. माझं माहेर राजापूरकडचं. असला दगड आमच्या शेताच्या बांधावरही होता. खाली एक गाढव होतं आणि एक बाई. हा गद्धेगाळ, म्हणजे शापाचा दगड. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईचं काय होईल, याचं सचित्र वर्णन. लिहिता न येणाऱ्यांचीही सोय.

"आता काय करणार?" अक्कानं विचारलं.

"काही सोडू नको म्हणालेत," मी म्हटलं. कागद दाबून धरला आणि कोळसा गाढवाच्या शेपटीपर्यंत फिरवला.

बंगळूरला, बसवनगुडीतल्या घरी पोचले तेव्हा अण्णा वाट पाहत ओसरीतच बसले होते. कागद उलगडला. मी दगडाचा अर्थ सांगितला. जाऊबाई आत निघून गेल्या. मला अण्णांची थोडी दया येऊ लागली होती.

"शाप कुणाला?" अखेर अण्णांनी विचारलं.

"दानाची जमीन लुबाडणाऱ्याला."

"आणि दान कुणी दिलं?"

"ते अक्षर झिजलंय."

"झिजणारच. जुनं आहे." त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे गावं दान देण्याइतके मोठे होतो आपण. वरचंच छापू."

पत्रिका तशीच निघाली. व्याह्यांनी कौतुक केलं. तुकडे जोडून मनोरा उभारायला त्या मिठाच्या व्यापाऱ्याला निदान गवंडी तरी लागले होते.