नवसाबाईच्या बाजूचा इंडिकेटर

आडगावच्या मोतीरामकडे एक जुनी फियाट आहे. तिचा डावा इंडिकेटर कधी बंद पडला ते आता त्यालाही आठवत नाही. मागच्या सीटवर झेंडूच्या पाट्या रचून तो फूलबाजारात जायचा, शेजारी बायको नवसाबाई. डावीकडे वळायचं आलं की ती खिडकीतून हात बाहेर काढायची. मनगटभर हिरव्या बांगड्या आणि पंजा असा ताठ, की द्वारकेच्या चौकात ट्रकवालेसुद्धा मुकाट थांबायचे. मेकॅनिकनं इंडिकेटरचा विषय काढला की मोतीरामची छाती फुगायची. "आमचा इंडिकेटर सैपाक बी करतो. तुमचा करतो का?"

ऐन दसऱ्याच्या तोंडावर नवसाबाईला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय काठीच्या आधारानं टेकू लागला. डावा हात मात्र मेला. मांडीवर ठेवला तर मांडीवर, दारावर ठेवला तर दारावर.

आठवड्यातून दोनदा तो तिला व्यायामासाठी गंगापूर रोडला न्यायचा. येताना द्वारकेला डावीकडे वळावं लागे. वळण जवळ आलं की नवसाबाई खांदा आक्रसायची, ओठ चावायची, कपाळाला घाम यायचा.

"हलला का वो?"

"हलला की. पाह्यलं मी."

हात दारावर होता तसाच असायचा. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि मोतीराम जीव मुठीत धरून गाडी वळवायचा. "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं," असं तिला समजवायचा. तिचाही त्यावर विश्वास होता. इतका, की पाऊसपाणी झालं की त्याच हातानं पहिली खुरपणी करायची असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

एकदा व्यायाम करून घेणाऱ्या मंजुषानं त्याला बाजूला बोलावलं. "काका, मावशींचा पाय अजून सुधारेल. हाताची आशा मात्र आता धरू नका. त्यांना मी सांगू का?"

"नको. मी सांगतो," मोतीराम म्हणाला.

उभा जन्म बाजारात व्यापाऱ्यांशी हुज्जत घालण्यात गेलेला माणूस, पण त्याला एवढं एक वाक्य जमेना. जेवताना नाही जमलं, तिची वेणी घालताना नाही जमलं. त्या दिवशी द्वारकेला एक टेम्पो मागच्या बंपरला घासून गेला होता, तेवढं मात्र डोक्यात राहिलं. उद्या कुणी हिच्याच बाजूनं ठोकलं तर?

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी उघडली. नवसाबाई घरात पडून होती. उजवा इंडिकेटर लागत होता, म्हणजे फ्यूज ठीक, दिव्यांची उघडझाप करवणारा फ्लॅशरही ठीक. बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प त्यानं स्टिअरिंगखालच्या डाव्या वायरीला लावला, तो पेटला. करंट इथपर्यंत होता. मग पुढे कुठं मरत होता? वायरीचा माग काढत त्यानं नवसाबाईच्या बाजूची पायाखालची चटई उचलली, तर उंदरानं वायर कुरतडून ठेवलेली. ती जोडली. मागचा दिवा लागला, पण नुसताच लागून राहिला, उघडझाप करीना. पुढचा अंधारातच. बल्ब बदलून पाहिला, उपयोग नाही. शेवटी होल्डर खोलला तेव्हा अर्थिंगची जागा गंजून लाल झालेली दिसली. पॉलिश पेपरनं घासून घासून चकचकीत केली, नवी वायर पत्र्याला आवळली, आणि दोन्ही दिवे एकदम टिकटिक करायला लागले. मोतीराम एकटाच हसला. कित्येक दिवसांत त्याच्या हातून काहीतरी बरं झालं होतं.

पुढच्या खेपेला परतताना द्वारका आली. नवसाबाईनं सवयीनं खांदा आक्रसला. मोतीरामनं इंडिकेटरची दांडी दाबली. टिक, टिक, टिक. मागचा टेम्पो शहाण्यासारखा हळू झाला. गाडी सुखरूप वळली. मोतीरामनं कौतुकाच्या आशेनं बायकोकडे पाहिलं.

ती डॅशबोर्डवरच्या त्या हिरव्या उघडझापीकडे पाहत होती.

"कवा केला?"

"परवा. म्हनलं, गर्दी लय वाढली आता."

"गर्दी तर कायमच हे. ती व्यायामवाली पोरगी काय म्हनली तुमाला?"

इंडिकेटर दुरुस्त करून आपण काय सांगून बसलो ते मोतीरामला तेव्हा कळलं. त्यानं तोंड उघडलं. "हात येईल," एवढंच म्हणायचं होतं. रोज म्हणत होता. आज मात्र त्यानं दांडी मागं ढकलून टिकटिक बंद केली, आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं.

नवसाबाई रडली नाही. उजव्या हातानं तिनं डाव्या हाताचं मनगट धरलं, खिडकीच्या काठावरून तो उचलून मांडीवर घेतला आणि वर पदर ओढला. मग उजव्याच हातानं, अवघडून वाकत, तिनं खिडकीची काच वर चढवली.