खाकरणारा राक्षस

खुटबावच्या सावळारामला इंग्रजी येत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. दौंडच्या रेल्वे वसाहतीत साहेबलोकांच्या घरी त्यानं चार वर्षं पाणी भरलं होतं, आणि गोरे-निमगोरे ड्रायव्हर चिडले की काय बोलतात ते त्याला पाठ होतं. तेवढ्या भांडवलावर तो शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या जत्रांत परदेशी भुतांचे पिक्चर मराठीतून समजावून सांगायचा.

तंबू शिरूरच्या आनंदरावांचा. चांगल्या पिक्चरचं भाडं त्यांना परवडायचं नाही, म्हणून मुंबईत कुणी विचारत नसलेली जुनी, काळी-पांढरी रिळं ते उचलून आणायचे. रबराचा राक्षस, पुठ्ठ्याचा चंद्र, दोऱ्याला टांगलेली उडती तबकडी. बोलणं सगळं इंग्रजी, तेव्हा मशीनशेजारी माईक घेऊन एक सांगणारा बसायचा. परक्या माणसांचे चेहरे सारखेच दिसतात, म्हणून सांगणारे त्यांना आपल्याकडची ओळख चिकटवायचे. शास्त्रज्ञ झाला की तो ‘आपला कंपाउंडर’, नटी म्हणजे ‘पाटलाची थोरली’. ही चालच होती आणि तिच्यात कुणाला वावगं वाटत नसे.

सावळारामला या पिक्चरांचं वेड होतं. एकेक त्यानं तीस-तीस वेळा पाहिला होता. राक्षस वळला की त्याच्या पाठीची चेन दिसायची, ती दिसली की हा मनातून खूश व्हायचा. असल्या चेनवाल्याला लोक भितात, याचं त्याला हसू यायचं आणि रागही यायचा. पण सांगणाऱ्याचं काम त्यानं वेडापायी धरलं नव्हतं. त्यानं डूख धरला होता.

एकाहत्तर साली खुटबावच्या जत्रेत हाच तंबू लागला होता. तंबूत मागं खुर्च्यांच्या दोन ओळी, पुढं सगळी जमीन. बौद्धवाड्यातल्या माणसांनी जमिनीवर बसावं असा काही कायदा नव्हता. फक्त ती खिडकीशी पोचली की खुर्चीची तिकिटं संपलेली असायची. त्या दिवशी खिडकीवर नवा माणूस होता, त्यानं दिली. सावळारामचा बाप कोंडिबा, तीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकलेला, धुतलेलं धोतर नेसून जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

आसपासच्या गावांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचा चेअरमन हौसराव पाहुण्यांना घेऊन उशिरा आला. पहिलं रीळ संपून दिवा लागला होता. एकच मशीन असल्यानं प्रत्येक रिळाला तसा दिवा लागायचा. बोलायच्या आधी तीनदा खाकरायची हौसरावची सवय होती. तो तीनदा खाकरला आणि छत्रीची मूठ त्यानं कोंडिबाच्या खांद्यात अडकवली.

“ऊठ कोंड्या. पुढं बस, तुमच्यात.”

कोंडिबा उठला. बावीस वर्षांचा सावळारामही उठला. चारशे माणसं बघत होती, सगळी मूग गिळून. आनंदराव दाराशी उभे होते, त्यांनी तिकिटांचा गठ्ठा उगाच चाळला. हौसरावनं अपमान केला, तो तर केलाच. पण सावळारामला जन्मभर खात राहिलं असतं ते हे, की त्या वेळी त्याच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. कोंडिबा त्यानंतर तंबूत पाऊल टाकेना. डोळे गेले म्हणायचा. त्याच डोळ्यांना अर्ध्या मैलावरची रुळातली शेळी दिसायची.

तीन वर्षांनी आनंदरावांचा सांगणारा सोडून गेला आणि सावळाराम त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याला एकच गोष्ट हवी होती. हौसरावनं चारशे माणसांदेखत त्या खुर्चीवरून उठावं, आणि उठवायला कुणाचा हात लागू नये.

त्या साली भुयारातून निघणाऱ्या खवल्याच्या राक्षसाचं रीळ आलं होतं. राक्षस नुसता तोंड वासायचा, त्याला बोलणं नव्हतंच. सावळारामनं त्याला बोलणं दिलं. राक्षस तोंड उघडी की हा माईकमध्ये तीनदा खाकरे आणि कर्ज मागणाऱ्याला ऐकवायचं हौसरावचं ठेवणीतलं वाक्य म्हणे, “बघतो मी काय ते.” कासुर्डीच्या जत्रेत हे पहिल्यांदा झालं. बायकांतून कस्तुराबाई म्हणून एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळा तंबू फुटला. महिन्याभरात शिरूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगामागून खाकरणं ऐकू यायला लागलं.

आनंदराव घाबरले. पोटावर पाय आणशील म्हणाले.

“मी कुणाचं नाव घेतलं का, मालक?” सावळाराम म्हणाला. “खाई त्याला खवखवे.”

मोठ्या माणसाला त्याची नक्कल कोण सांगणार? हौसरावच्या कानावर काहीच गेलं नाही. चैत्रात खुटबावची जत्रा भरली आणि तो ऐटीत मधल्या खुर्चीवर येऊन बसला. सावळारामनं बापाच्या विनवण्या केल्या होत्या. कोंडिबा आला, पण तंबूबाहेर वीज करणाऱ्या इंजिनापाशी दगडावर बसून राहिला.

भुयारातून राक्षस निघाला, त्यानं जबडा वासला आणि सावळारामनं माईकवर हात ठेवला. तो गप्प बसला. हेच त्यानं योजलं होतं. जमिनीवर बसलेली माणसं थोडी थांबली, मग त्यांच्यातूनच कुणीतरी खाकरलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि शंभर तोंडांनी म्हटलं, “बघतो मी काय ते.” पडदा पुढं राहिला. सगळा तंबू मान वळवून मागं बघायला लागला.

तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवा लागला.

हौसरावला आता बोलणं भाग होतं. त्यानं हात वर केला, तोंड उघडलं आणि सवयीनं खाकरला. तिसऱ्यांदा खाकरेपर्यंत बाया पदर तोंडात कोंबून लोळत होत्या. ते हसणं काही थांबेना. हौसराव उभा राहिला, त्याची छत्री खाली पडली, ती न उचलताच तो दाराबाहेर गेला. सावळाराम हसला नाही. दातओठ खात तो फक्त त्या पाठीकडं बघत राहिला, पार दिसेनाशी होईपर्यंत. पोटातली आग त्या दिवशी निवली.

मग तो बाहेर बापाकडं गेला.

“आबा, चला आत. मधली खुर्ची मोकळी झालीया.”

कोंडिबानं सगळं ऐकलं होतं. तो सावकाश उठला, धोतर झटकलं आणि तंबूच्या दारापर्यंत आला. खुर्चीकडं त्यानं बराच वेळ पाहिलं.

“तिच्यावर त्याच्या बुडाची ऊब हाय अजून,” तो म्हणाला. “दुसरी आण.”

आनंदराव गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी आपली स्वतःची खुर्ची उचलून आणली.